उत्क्रांतिवाद आणि देवाचा चांगुलपणा

आमच्या मंडळ्यांतून दोन प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यात येतात. पहिला शाळेत जाणाऱ्या मुलांचा आहे. २०१८ साली निघालेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. तो वाचून मुले रविवारी उपासनेनंतर दाराशी घोटाळतात व विचारतात की, गुरुजी सांगतात ते खरे मानावे की उत्पत्तीच्या पुस्तकात लिहिले आहे ते? दुसरा प्रश्न आयांचा आहे, आणि तो कबरेवर माती लोटून झाल्यावर विचारला जातो. सिकल सेलच्या दुखण्याने लेकरू गेलेले असते, मंडळी पांगू लागलेली असते, आणि आई हळूच म्हणते, “पाळकसाहेब, आमच्याकडून काय पाप घडले होते?”

पुष्कळ वर्षे आम्ही हे दोन प्रश्न निरनिराळे समजत होतो. मुलांस थोडीबहुत विद्या सांगावी व आईचे सांत्वन करावे, एवढेच आपले काम, अशी आमची समजूत होती. परंतु विचाराअंती असे दिसून आले की, दोहोंची मुळे एकाच जमिनीत आहेत, आणि पहिल्याचा प्रामाणिकपणे विचार केल्यावाचून दुसऱ्यास धड उत्तर देता येत नाही. यास्तव जीवांच्या जाती कशा उपजल्या याविषयी विद्वानांनी काय शोधून काढले आहे, ते प्रथम सांगतो. वाचकांनी थोडा धीर धरावा.

दूरचा दाखला कशाला? आपल्या शहाद्याच्या रानातलाच घेऊ. गावातल्या वडाच्या किंवा चिंचेच्या ढोलीत राहणारा पिंगळा सर्वांच्या ओळखीचा आहे. सांजवेळी तो घराजवळ येऊन कलकलाट करतो आणि लोक उगाच त्यास अपशकुनी म्हणतात. त्याचाच एक भाऊबंद सातपुड्याच्या सागवानी रानात असतो. त्यास रानपिंगळा म्हणतात. तो दिवसाढवळ्याही शिकार करतो. त्याच्या डोक्यावरील ठिपके अगदी पुसट असतात, आणि चोच व नख्या देहाच्या मानाने मोठ्या असतात. ह्यूम या इंग्रज अंमलदाराने १८७३ साली त्याचे प्रथम वर्णन केले. (हाच ह्यूम पुढे १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत अग्रेसर होता.) १८८० नंतरच्या चार-पाच वर्षांत खानदेशात त्याचे काही नमुने मिळाले, आणि नंतर शंभराहून अधिक वर्षे हा पक्षी कोणा जाणकाराच्या दृष्टीस पडला नाही. मध्यंतरी माइनर्ट्झहागेन नामक एका प्रसिद्ध ब्रिटिश संग्राहकाने, आपण १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ हा पक्षी मिळविला, अशी नोंद करून ठेवली होती. पुढे तपासाअंती उघड झाले की, तो नमुना एका संग्रहालयातून चोरलेला जुनाच होता व त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. आठवी आज्ञा आणि नववी आज्ञा एकाच पाखरावर मोडली! त्या एका खोट्या साक्षीमुळे शोध करणारे कित्येक वर्षे भलत्याच रानात हिंडले. अखेर १९९७ च्या नोव्हेंबरात पॅमेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट या तिघांस शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत आढळला. तेव्हा आपला नंदुरबार जिल्हा व्हावयाचा होता. तो १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला.

ह्यूमने रानपिंगळ्यास पिंगळ्याच्या कुळीत न घालता त्याची निराळी कुळी मानली होती. २०१८ साली भारतीय संशोधकांनी त्याच्या जनुकांची ताडणी प्रसिद्ध केली, तेव्हा तो पिंगळ्यांच्याच कुळीतला ठरला. जनुक म्हणजे आईबापांकडून लेकरांस मिळणारा देहाचा लेख. दोन लेखांत जितके साम्य अधिक, तितके त्यांचे मूळ जवळचे. म्हणजे ढोलीतला पिंगळा व रानातला पिंगळा यांचे पूर्वज एके काळी एकच होते, आणि फार दीर्घ काळात एकाच्या दोन जाती झाल्या.

एकाचे दोन कसे होतात, हे समजण्यास आपल्या बोलींकडे पाहावे. नवापूरकडील मावची आणि धडगावकडील पावरी या एकाच भिल्ली बोलीसमूहातल्या होत. डोंगर व नद्या मध्ये पडल्या, जाणेयेणे तुटले, आणि प्रत्येक पिढीत एखादा शब्द इकडचा तिकडे झाला. कोणा आईने आपल्या लेकरास आपल्या बोलीहून निराळी बोली शिकविली नाही. अमुक दिवशी एकीच्या दोन झाल्या असे कोणास सांगता यावयाचे नाही. तरी आज त्या दोन आहेत. जीवांच्या जातींचेही असेच असते. एकाच जातीचे दोन कळप दीर्घकाळ एकमेकांपासून दुरावले, दोहोंत निरनिराळे बदल साठत गेले, म्हणजे अखेर त्यांचा परस्परांशी संकर होईनासा होतो.

परंतु हे बदल येतात कोठून, आणि टिकतात का? या प्रश्नावर विद्वानांचे मतभेद झाले. लामार्क या फ्रेंच पंडिताने १८०९ साली असे मत मांडले की, प्राणी जो अवयव अधिक वापरतो तो बळावतो, न वापरलेला क्षीण होतो, व ही कमाई संततीस मिळते. मत मनास चटकन पटण्यासारखे आहे. पण लाकूडतोड्याच्या हातास घट्टे पडतात म्हणून त्याचे मूल घट्टे घेऊन जन्मत नाही. आमच्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कपाळावर व हनुवटीवर गोंदून घेतले, तरी प्रत्येक मुलगी कोऱ्या कपाळानेच जन्मास आली. (लामार्क वापराविषयी बोलत होता, गोंदण्याविषयी नव्हे, असे कोणी म्हणेल व ते खरे आहे, तथापि कमाई वंशात उतरत नाही एवढे दाखविण्यास हे गोंदण पुरे आहे.)

चार्ल्स डार्विन व आल्फ्रेड वॉलेस या दोघा इंग्रजांस स्वतंत्रपणे दुसरी वाट सापडली. त्यांचे लेख १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचण्यात आले, आणि पुढल्या वर्षी डार्विनचे जातींच्या उत्पत्तीवरील पुस्तक निघाले. ती वाट आपल्या शेतकऱ्यास परकी नाही. तो टपोरे, भरलेले कणीस बियाण्यासाठी राखतो व पोचट कणीस गुरांस टाकतो. मका हा मूळचा मेक्सिकोतला. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेथील लोकांनी टिओसिंटे नावाच्या रानगवतापासून तो निपजविण्यास आरंभ केला. त्या गवताच्या कणसास पाच-दहा दाणे, आणि तेही दगडासारख्या कठीण कवचात! वर्षानुवर्षे निवड होत गेली आणि आज आमच्या तव्यावर जी मक्याची भाकर पडते ती त्या गवताची लेक आहे. डार्विनने म्हटले की, शेतकरी जे हाताने करतो ते रानात दुष्काळ, थंडी, शत्रू व रोगराई करतात. जगतील त्यांपेक्षा अधिक जीव जन्मतात. त्यांत थोडेथोडे फरक असतात. ज्यांचा फरक त्या ठिकाणी उपयोगी पडतो ते अधिक जगतात व त्यांची संतती वाढते. यास नैसर्गिक निवड म्हणतात.

डार्विनला एक गोष्ट ठाऊक नव्हती. फरक पिढ्यांमधून कसा उतरतो हे त्यास नीट सांगता येईना. त्याचे उत्तर त्याच काळी मेंडेल नावाचा एक ख्रिस्ती मठवासी ब्र्युन गावच्या मठाच्या बागेत वाटाण्याची रोपे मोजून काढीत होता. त्याने ते १८६५ साली सभेत वाचले व पुढल्या वर्षी छापले. पण १९०० सालापर्यंत त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. आईकडून एक व बापाकडून एक असे दोन अंश प्रत्येक गुणास मिळतात, ते कालवणासारखे मिसळून जात नाहीत, आणि एखादा अंश एका पिढीत दबून राहून दुसरीत वर येतो, हे मेंडेलचे म्हणणे. हे वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे लागणार आहे. १९२० नंतर फिशर, राइट व हॉल्डेन यांनी डार्विन आणि मेंडेल यांची गणिताने सांगड घातली. १९६८ साली किमुरा या जपानी शास्त्रज्ञाने असे मांडले की, जनुकांतील पुष्कळसे बदल हिताचेही नसतात व अहिताचेही नसतात, ते केवळ यदृच्छेने पसरतात किंवा लोपतात. १९७२ साली एल्ड्रेज व गूल्ड यांनी म्हटले की, जाती दीर्घकाळ होत्या तशाच राहतात आणि मग भूगर्भाच्या मोजमापाने थोडक्या अवधीत बदलतात. हे सारे वाद एका घरातील भावांचे आहेत. जीव एका मुळापासून फुटत आले याविषयी त्यांच्यात वाद नाही.

आता मुलांच्या प्रश्नास आमचे उत्तर. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्रकाश पहिल्या दिवशी आहे आणि सूर्य चौथ्या दिवशी. लिहिणारा इतका भोळा नव्हता की दिवस सूर्याने होतो हे त्यास कळू नये. तो आम्हांस सृष्टीचे रोजनामे देत नाही; सृष्टी कोणाची, आणि ती चांगली की वाईट, हे सांगतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस व पाचव्याच्या आरंभी होऊन गेलेल्या संत ऑगस्टिनने ख्रिस्ती लोकांस बजावले होते की, सृष्टिविद्येत अज्ञान असता शास्त्राच्या नावाने वाटेल ते बोलू नका, कारण तेणेकरून जाणत्या परधर्मीयांपुढे शास्त्राचेच हसे होते. शिवाय त्याच अध्यायात देव पृथ्वीस जीव उपजविण्याची आज्ञा करतो. कुंभाराप्रमाणे प्रत्येक मडके स्वतः घडविणारा देव थोर, की मातीसच मडकी घडविण्याचे सामर्थ्य देणारा अधिक थोर? डार्विनचे पुस्तक वाचून इंग्लंडातील पाद्री चार्ल्स किंग्जली याने हाच विचार त्यास पत्राने कळविला होता. मानवी जनुकांचा संपूर्ण लेख वाचण्याचे जे मोठे काम २००३ साली पुरे झाले, त्याचे प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स हे आपल्यासारखेच प्रभू येशूवर विश्वास ठेवणारे आहेत. तेव्हा मुलांनी पाठ निर्भयपणे वाचावा.

येथे एका शब्दाविषयी सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या भाषेत ‘जात’ हा एकच शब्द पिंगळ्यासही लावतात आणि माणसासही. त्यामुळे माणसांच्याही निरनिराळ्या जाती देवाने घडविल्या असा भ्रम होण्यास जागा राहते. उत्क्रांतिवादाचेही असेच विपरीत केले गेले. काहींनी त्याची शिडी बनविली, वरच्या पायरीवर आपण स्वतः बसले आणि भिल्ल, पावरा, मावची यांस खालच्या पायरीवर बसविले. हे डार्विनच्या झाडास शिडी म्हणण्यासारखे आहे. झाडाची प्रत्येक डहाळी मुळापासून सारख्याच काळात आजपर्यंत आलेली असते. कोणतीही डहाळी दुसरीच्या मागे राहिलेली नसते. पृथ्वीवरची सारी माणसे एकाच जातीची आहेत, आणि प्रेषित पौलाने अथेन्सच्या विद्वानांपुढे हेच सांगितले होते.

परंतु वाचकहो, ख्रिस्ती मनुष्यास उत्क्रांतिवादाची खरी अडचण वंशावळीत नाही. खरी अडचण किमतीची आहे. ज्या निवडीने कणीस टपोरे होते तीत पोचट कणसे फेकली जातात, आणि रानात फेकली जाणारी ती कणसे जिवंत असतात. डार्विनची लाडकी मुलगी अ‍ॅनी १८५१ साली दहा वर्षांची होऊन वारली. त्यानंतर त्याचा उरलासुरला विश्वासही ओसरत गेला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. १८६० साली त्याने आसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञास, जो भाविक ख्रिस्ती होता, लिहिले की, जिवंत सुरवंटास आतून खाऊन वाढणाऱ्या गांधीलमाश्या दयाळू देवाने मुद्दाम निर्माण केल्या असे आपल्याने मानवत नाही. हा नास्तिकाचा उपहास नव्हे. मूल गमावलेल्या बापाचा प्रश्न म्हणून तो ऐकावा. आणि येथेच आपण त्या आईच्या प्रश्नाशी येऊन पोहोचतो.

सिकल म्हणजे विळा. निरोगी रक्तातल्या तांबड्या पेशी वाटोळ्या असतात. या दुखण्यात त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, सांध्यांत व पोटात असह्य कळा उठतात, रक्त कमी होते. १९१० साली शिकागो येथील डॉक्टर हेरिक यांनी तिचे प्रथम वर्णन छापले. हिंदुस्थानात १९५२ साली निलगिरीच्या डोंगरी लोकांत तिचा शोध लागला. १९५० नंतरच्या दशकात इंग्राम या शास्त्रज्ञाने कारण शोधून काढले. रक्तातील हिमोग्लोबिनाच्या एका साखळीत १४६ कड्या असतात. त्यांतील सहावी कडी तेवढी बदललेली असते. जनुकाच्या लेखात एक अक्षर चुकले, एवढेच. शास्त्राच्या प्रती हाताने उतरविणाऱ्या लेखकाच्या हातून एखादे अक्षर चुकावे, तसे.

आता प्रश्न असा की, इतका घातक दोष निवडीत टिकला कसा? तो तर केव्हाच नाहीसा व्हावयास हवा होता. येथे मेंडेलचे दोन अंश आठवावेत. ज्यास दोष आई व बाप या दोघांकडून मिळतो तो रोगी होतो. ज्यास एकाकडूनच मिळतो तो वाहक. त्यास सहसा काही त्रास होत नाही, आणि बाळपणी जीव घेणारा कडक हिवताप त्यास सहसा मारू शकत नाही. हॉल्डेनने १९४९ साली रक्ताच्या दुसऱ्या एका दुखण्याविषयी असा तर्क केला होता. (हा हॉल्डेन देव मानीत नव्हता, तो १९५७ साली हिंदुस्थानात येऊन राहिला व १९६४ साली भुवनेश्वर येथे वारला. आमच्या लेकरांच्या दुखण्याचा उलगडा होण्यास त्याची बुद्धी उपयोगी पडली, याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो.) १९५४ साली अ‍ॅलिसन याने पूर्व आफ्रिकेतील लोकांची तपासणी करून सिकल सेलविषयी ती गोष्ट सिद्ध केली.

म्हणजे आमच्या रानात काय घडले असेल ते पाहा. सातपुड्याच्या पायथ्याचा हा मुलूख हिवतापाचा. इंग्रजी अमलात तळोदे-नवापूरकडे बदली झाली की सरकारी नोकर धास्ती घेत. ज्या लेकरात दोष मुळीच नाही त्यास हिवतापाचे भय. ज्यात दुहेरी आहे त्यास सिकल सेलचे, आणि हिवताप त्यासही सोडीत नाही. ज्यात एकेरी आहे ते जगे, वाढे, आणि आपल्या लेकरांस तोच दोष देई. असे शेकडो पिढ्या चालले. म्हणून हिवताप माजलेल्या कित्येक मुलखांत हे रक्त आढळते: आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीस व इटलीच्या काही भागांत, विदर्भातील आदिवासी नसलेल्या समाजांतही. हा आदिवासींचा रोग, असे हिणवून बोलणाऱ्यांनी हे नीट वाचावे. पुढे १९५३ साली हिवताप हटविण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, फवारणी झाली, औषधे आली व हिवताप पुष्कळ ओसरला. ढाल ठेवण्याचे कारण कमी झाले, पण ढालीचे ओझे रक्तात राहून गेले.

हे समजल्यावर पुष्कळ खोटी उत्तरे आपोआप गळून पडतात. आईबापांच्या पापाने मूल आजारी झाले, हे उत्तर तर आपल्या प्रभूनेच, जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी विचारले तेव्हा, स्पष्टपणे नाकारलेले आहे. शिलोहाचा बुरूज पडून जे अठराजण मेले तेही इतरांहून अधिक पापी नव्हते, असे त्याने सांगितले. गावातील कोणा विधवेने डाकीण होऊन लेकरू खाल्ले, हे दुसरे उत्तर. या उत्तराने सातपुड्यात बायांना मार बसला आहे, कोणाचे गाव सुटले आहे, कोणाचा जीव गेला आहे. अघोरी प्रथांविरुद्ध राज्याचा कायदा २०१३ साली झाला. पण कायद्याआधीपासून आम्हांस सुवार्ता मिळाली होती, आणि तरीही आमच्या मंडळ्यांतील काही घरांत दार लावून डाकिणीची कुजबुज चालते, हे लिहिताना आमची मान खाली जाते. तिसरे उत्तर, सुनेच्या माहेरच्या रक्ताचे. तेही खोटे, कारण दुहेरी दोषास बापाचा अर्धा वाटा लागतोच.

मग खरे उत्तर कोणते? देवाने सृष्टीस स्वतः वाढण्याची मोकळीक दिली. लेख उतरताना अक्षर चुकण्याची शक्यता त्या मोकळिकीत आहे. ज्या चुकीने विळा झाला, तशाच चुकांच्या साठ्यातून रानगवताचा मका झाला, पिंगळ्याचा रानपिंगळा झाला, डोळा झाला, ज्या हाताने आई लेकरास थोपटते तो हात झाला. अक्षर कधीच चुकत नसते तर सिकल सेल झाला नसता, पण सिकल सेलने मेलेल्यासाठी रडणारे कोणीही झाले नसते. हे उत्तर आमच्या बुद्धीस पटते. कबरेजवळ मात्र ते उच्चारण्याचे धैर्य आम्हांस कधी झालेले नाही, व व्हावे असेही वाटत नाही. याहून स्वस्त वाट सर्वसमर्थ देवास नव्हती काय, असे त्या आईने विचारले तर आम्ही गप्प राहू. ईयोबाच्या मित्रांचे सात दिवस मौन होते तोवर ते बरे मित्र होते. बोलू लागले तेथे चुकले.

परंतु एक गोष्ट आम्हांस बोलता येते. आमच्यातील कित्येकजण आज जिवंत आहेत याचे कारण, त्यांचा कोणी पूर्वज बाळपणी हिवतापातून वाचला. आणि वाचला तो ज्या एकेरी दोषाने, तोच दोष दोहोंकडून एकत्र येऊन शेजारच्या घरातले लेकरू कळा सोशीत आहे. आमच्या जगण्याची किंमत त्या लेकराच्या हाडांतून वसूल होत आहे. हा अलंकार नव्हे, ही रक्ताची जमाखर्चवही आहे. कोणी म्हणेल की, मग ते लेकरू ख्रिस्तासारखे इतरांसाठी दुःख सोसते. असे म्हणण्याचा मोह आम्हांसही झाला होता. पण ते खरे नाही. आपल्या प्रभूने आपला प्राण आपण होऊन दिला. या लेकरास कोणी विचारले नव्हते. त्याच्या वेदनेस यज्ञ म्हणून गोड करून घेणे म्हणजे त्याच्यावर दुसरा अन्याय करणे होय. ते देणे देत नाही, त्याच्याकडून घेतले जाते. म्हणून ऋण आमच्याकडे राहते.

आणि निवडीचा नियम ही आज्ञा नव्हे. दुबळ्यास मरू द्यावे असे काही पंडित डार्विनच्या नावावर सांगत, व त्यापायी गेल्या शतकात युरोपात भयंकर अत्याचार झाले. नदीस पूर येतो हा नियम आहे. म्हणून बुडणाऱ्यास दोर टाकू नये असे कोणी म्हणत नाही. सिकल सेलच्या रोग्यास दोर आहेत. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांनी कळांचे झटके कमी होतात. पाणी भरपूर पाजावे, थंडीपासून जपावे, ताप आल्यास भगताकडे दिवस न घालविता दवाखाना गाठावा, अशक्त मुलाकडून जड कामे करून घेऊ नयेत. ज्यांचा रक्तगट जुळतो अशा तरुणांनी रक्त द्यावे. २०२३ च्या अखेरीस इंग्लंड व अमेरिकेत जनुकातील लेखावरच काम करणाऱ्या उपचारास मान्यता मिळाली, परंतु त्याचा खर्च आमच्या साऱ्या तालुक्याच्या मंडळ्यांस झेपणार नाही. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, आणि तपासणी गावोगाव होऊ लागली. लोक मात्र तिला भितात. कागदावर ‘वाहक’ असे आले की मुलीचे लग्न मोडेल, अशी धास्ती असते.

या धास्तीचे कारण अर्धवट माहिती आहे. वाहकाचे लग्न निर्दोष रक्ताच्या व्यक्तीशी झाले तर त्यांचे एकही मूल रोगी होत नाही. दोघेही वाहक असतील तर, प्रत्येक खेपेस चारांत एक असा रोगी मूल होण्याचा संभव असतो. प्रत्येक खेपेस, पहिले मूल रोगी झाले म्हणून पुढली तीन निर्धास्त, असे नव्हे. यास्तव विवाहाची सूचना मंडळीत वाचण्यापूर्वी आम्ही वधू व वर या दोघांसही रक्ताच्या तपासणीविषयी विचारतो. एकट्या वधूस कधीच विचारीत नाही. दोघे वाहक निघाले तर त्यांस सर्व समजावून सांगतो, आणि निर्णय त्यांच्यावर सोडतो. काही पाळकबंधू म्हणतात, अशा विवाहास मनाई करावी. आम्हांस तो अधिकार आपला वाटत नाही.

मागील हिवाळ्यात एका घरी आम्ही हेच सारे सांगत होतो. लेकरू जाऊन महिना झाला होता. आई चुलीजवळ बसली होती, बाप दाराशी पाठ करून. मक्याचे दोन दाणे हातात घेऊन आम्ही एक आईचा व एक बापाचा असे जमिनीवर ठेवले, आणि दोन्ही मिळाल्यावाचून हे दुखणे होत नाही असे सांगितले. बाई बराच वेळ त्या दाण्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे माझ्या एकटीचे नव्हते.” बाप उठून आत आला व तिच्या शेजारी बसला. थोड्या वेळाने त्याने विचारले की, धाकट्या मुलीची तपासणी कोठे होते, आणि तिला उपाशीपोटी न्यावे लागते काय.